अंबाड्यातला चमचा

त्या दिवशी भरल्या हॉलमध्ये एकच माणूस खुर्चीतून उठला. त्याला भूक लागली होती, बाकी काही नाही. पण आमच्या सोलो शहरात लग्नाला आलेला पाहुणा जेवणापाशी जात नाही, जेवण पाहुण्यापाशी येतं. पाहुण्यांनी रांगेत बसायचं, गप्पा मारायच्या, आणि आतून वाढप्यांच्या हातांवरून ताटल्या उडत याव्यात तशा येतात. आधी चहा, मग सूप, मग भात आणि शेवटी नारळाचं आईस्क्रीम. आईस्क्रीम संपलं की समारंभ संपला. नवरानवरी दाराशी उभी राहतात, त्यांचा हात हातात घ्यायचा आणि आपापल्या घरी जायचं. हे कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. त्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, कारण तो दूरच्या सुराबाया शहराचा होता, आणि तिकडे म्हणे लोक उभ्या उभ्या जेवतात. असो. ज्याचे त्याचे संस्कार.

तो थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि तिथे एका आडव्या हातापाशी थांबला. हात वेनिंगचा होता. त्या लग्नाचं जेवण तिच्याकडे होतं.

“बसा,” ती म्हणाली.

“मला सूप हवंय.”

“येईल.”

“कधी?”

“मी हात वर केला की.”

त्याला वाटलं, ही थट्टा करतेय. वेनिंगने थट्टा शेवटची कधी केली हे तिलाही आठवलं नसतं. तिने उजवा हात वर केला आणि तिच्या मागून साठ वाढप्यांची रांग सुटली. वाफाळत्या वाट्या त्याच्या एका कानाजवळून गेल्या, मग दुसऱ्या... तो भिंतीला पाठ टेकवून उभा राहिला. रांग संपली तशी त्याने हळूच विचारलं,

“आणि दोन्ही हात वर केले तर?”

“तर आईस्क्रीम. म्हणजे घरी जा.”

“आणि हात वर असताना शिंक आली तर?”

“मला कामावर शिंक येत नाही.”

यावर तो हसला. मोठ्याने नाही, पण डोळ्यांनी, आणि सुपासाठी जितकं थांबायला हवं त्याहून जरा जास्तच थांबला. वेनिंगचा अंबाडा इतका घट्ट होता की कान लपवायला केसाची एक बट नव्हती. कान लाल झालेले सगळ्यांना दिसले. तिसऱ्या रांगेत तुमची खुर्ची आहे, तिथे सूप निवतंय, असं तिने त्याला सुनावलं आणि पाठ फिरवली. फिरवता फिरवता तिने एकदा मागे पाहिलं, आणि नेमकं नको ते दिसलं. त्याने खिशातून मिरचीच्या ठेच्याची छोटी बाटली काढली आणि सुपाची चवसुद्धा न घेता त्यात दोन चमचे ओतले. हा माणूस आपल्या डोक्यातून जाणार नाही हे तिला तेव्हाच कळलं. रागानेच जाणार नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

हा सगळा प्रकार दुसऱ्या रांगेतून लारास बघत होती. लारास म्हणजे वेनिंगची धाकटी बहीण. ती चहा पिता पिता इतकी हसली की तिच्या केबायेवर, म्हणजे नक्षीच्या पोलक्यावर, चहा सांडला. मग तिने शेजारी बसलेल्या आपल्या होणाऱ्या नवऱ्याला विचारलं, हा कोण? तो म्हणाला, माझा मित्र, युदांतो. काय करतो? मालक लोकांना सैल सोडायला शिकवतो.

लारासने हसणं थांबवलं आणि पुन्हा विचारलं, काय शिकवतो?

झालं होतं असं, की आई गेल्यापासून लग्नाच्या जेवणांचा तो सगळा धंदा वेनिंगने एकटीने ओढला होता. ओढला म्हणजे अक्षरशः. स्वयंपाकघरात सात बायका होत्या आणि त्यांच्यावर पार्मीमावशी, आईच्या वेळेपासूनची. पण मीठ वेनिंग घालणार, गाजर किती तिरकं कापायचं ते वेनिंग दाखवणार, प्रत्येक पातेल्यात तिचा चमचा आधी जाणार. सुपात घालायच्या अंड्याच्या पोळीच्या पुरचुंड्या, गाठ सैल म्हणून, तिने एकदा एका बैठकीत सगळ्याच्या सगळ्या सोडून पुन्हा बांधल्या होत्या. ती बाजारात गेली की स्वयंपाकघर थिजायचं. कांदा करपतोय हे सातही जणींना दिसायचं, पण गॅस कमी करायला कुणी पुढे व्हायचं नाही. बाई येऊन सांगतील. बाई यायच्या, आणि कांद्याच्या वासानेच त्यांना खात्री पटायची की आपल्यावाचून इथलं पान हलत नाही.

आता लारासचं लग्न ठरलं होतं. मोठी बहीण बिनलग्नाची असताना धाकटी बोहल्यावर चढणार असेल, तर आमच्याकडे धाकटीने मोठीपुढे गुडघे टेकून तिला ओलांडून जायची परवानगी मागायची असते, आणि मोठी मागेल ते द्यायचं असतं. कुणी कापड मागतं, कुणी सोनं. लारास पुढ्यात येऊन बसली तेव्हा वेनिंग दुसऱ्या दिवशीच्या सुपाची हाडं निवडत होती. मला काही नको, ती म्हणाली, फक्त तुझ्या लग्नाचं जेवण माझं. दाराशी मी उभी असेन, तू काळजी करू नकोस.

“तेच तर नकोय मला,” लारास म्हणाली. “आई असती तर पहिल्या रांगेत बसली असती. मला तिथे तू हवी आहेस. केबाया घालून, हात मांडीवर ठेवून. मला वर बसून तुझा चेहरा बघायचाय, ताई, पाठ नाही.”

“मग हात वर कोण करणार?”

“हात वर करायची गरजच नको.”

वेनिंग हाडं निवडत राहिली. लारास उठली नाही. हाडं निवडून संपली, पातेलं भरलं, तरी ती तशीच गुडघ्यांवर. शेवटी वेनिंग म्हणाली की तासभर एका जागी बसणं मला जमत नाही, मी काय करू. आणि ते खरं होतं.

“तू काही मागत नाहीस, तर मीच ठरवते,” लारास म्हणाली. “मी तुला खुर्ची देणार. आणि खुर्चीत बसायला शिकवणारा माणूस.”

तो माणूस दुसऱ्या आठवड्यात लाल प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर उलटी धरून स्वयंपाकघराच्या दारात हजर झाला. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्याने खुर्चीचीच छत्री केली होती. वेनिंगने त्याला ओळखलं, त्याच्या खिशाकडे पाहिलं. बाटली होती.

“बसा, वेनिंगबाई,” तो म्हणाला. “आज सूप मी हात वर केला की.”

तिने त्याला ‘पाक’ म्हणायचं ठरवलं. पाक म्हणजे साहेब. ज्या माणसाशी अंतर ठेवायचं असतं, त्याला आम्ही सोलोचे लोक भारी आदराने वागवतो.

पहिला धडा सोपा होता. एका सुपापुरतं खुर्चीत बसायचं आणि बोलायचं नाही. वेनिंग बसली आणि बोलली नाही, पण तिची मान गाजरामागे फिरायची, भुवया मिठामागे, आणि गाजर कापणारी बाई गाजराकडे न बघता तिच्या भुवयांकडे बघायची. युदांतोने खुर्ची अंगणात नेली. तिथून तिला खिडकी दिसायची. त्याने खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग ती नाकाने चालवायला लागली. ‘जायफळ,’ ती भिंतीला म्हणायची, आणि आतून सातही आवाज यायचे, ‘हो बाई.’

त्याने आजवर भले भले मालक सरळ केले होते. सुराबायात चपलांचा एक कारखानदार गोदामाच्या किल्ल्या कमरेला बांधून झोपायचा, सिदोआर्जोतली कोळंबीचे पापड करणारी एक बाई कामगारांच्या डब्यात काय आहे तेही उघडून बघायची. सगळे सुटले. ही सुटेना. रोज संध्याकाळी तो खुर्चीशेजारी उकिडवा बसायचा आणि समजावायचा. माणसावर विश्वास टाकायचा म्हणजे डोळे मिटायचे असं नाही. तो चुकणार हे गृहीतच धरायचं. फक्त चूक ज्याची त्याला निस्तरू द्यायची, आपण मधे उडी घ्यायची नाही.

“आणि निस्तरता आली नाही तर?” तिने विचारलं.

“तुम्हाला पहिल्यांदा कुणी निस्तरू दिलं होतं?”

आईने, असं ती म्हणणार होती. आईच्या हाताखाली तिने एकदा लग्नाच्या भातात साखर घातली होती, आणि आई नुसती बाजूला उभी राहिली होती. पण ते तिने सांगितलं नाही. उलट तिने त्याला सुनावलं, की विश्वासाच्या गोष्टी सांगणारे पाक रोज माझं सूप चाखायच्या आधी त्यात मिरची ओततात, तेव्हा त्यांचा विश्वास कुठे जातो?

युदांतोने वाटीत चमचा फिरवला.

“सोलोचं सगळं गोड असतं,” तो शेवटी म्हणाला.

“चाखून बघितलंय का कधी?”

“भीती वाटते.”

“गोडाची?”

“सवय लागेल याची,” तो म्हणाला, आणि मग त्या वाक्याचं काय करायचं हे दोघांनाही कळेना. पार्मीमावशी आत पातेलं घासत होती, तिने घासणं थांबवलं. वेनिंग उगाच खोकली.

चमच्याचा शोधही पार्मीमावशीनेच लावला. चव बघायची नाही असा नियम झाल्यावर वेनिंगचा चमचा युदांतोने काढून घेतला होता, तरी पातेल्यातलं सूप थोडं थोडं कमी व्हायचं. एक दिवस मावशीने त्याला नुसतं डोळ्याने खुणावलं. तो वेनिंगच्या मागे गेला आणि तिच्या अंबाड्यातून, केसात आकडा खोचावा तसा खोचलेला, एक छोटा स्टीलचा चमचा हळूच उपसून काढला. अंबाडा सुटला. केस खांद्यावर आले. तो चमचा हातात धरून तसाच उभा राहिला.

“द्या इकडे,” ती म्हणाली.

त्याने दिला. इतक्या मुकाट्याने दिला की आतल्या सातही जणी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावायच्या राहिल्या, कारण त्यांना पदर नसतात. त्यांनी कोथिंबिरीच्या जुड्या लावल्या.

तरी फरक पडत होता. पार्मीमावशीने पहिल्यांदा गॅस आपला आपण कमी केला तो मंगळवार स्वयंपाकघरात बराच गाजला. नंतर तिने मीठही घातलं. एकदा जास्त झालं. वेनिंग खुर्चीत नुसती बसून राहिली, दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरून, आणि मावशीने बटाटे सोलून घातले, पाणी घातलं, पुन्हा चाखलं आणि खारटपणा मारला. त्या संध्याकाळी युदांतोने सूप बाटलीविना खाल्लं का, हे वेनिंगने बघितलं नाही. तिने न बघायची सवय लावून घेतली होती. म्हणजे जमेल तितकी.

लारासच्या लग्नाला हॉल भरला. ठरल्याप्रमाणे दाराशी पार्मीमावशी होती. पहिल्या रांगेत वेनिंग होती, आईची पिवळसर केबाया घालून, अंबाड्यात मोगऱ्याची माळ, हात मांडीवर. नवरदेवाचा मित्र म्हणून युदांतोला तिच्याच शेजारची खुर्ची मिळाली होती. ती कशी मिळाली हे लारासला विचारा.

चहा आला. वेनिंगने मागे पाहिलं नाही. सूप आलं, मधोमध अंड्याची पुरचुंडी, वरून सूर्यासारखी उमललेली, आणि ती गरम होती, गाठ नीट होती. वेनिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी युदांतोने चमचा उचलला आणि बाटली न काढता सूप तोंडात घातलं. एक घोट. मग दुसरा.

“गोड आहे,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काही नाही. असू दे.”

तो असं म्हणाला आणि तिच्याकडे वळला, आणि तिला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. तो अगदी जवळ वाकला. तिच्या कानाशी त्याचा श्वास लागला.

“वेनिंग,” तो कुजबुजला, पहिल्यांदाच ‘बाई’ न लावता, “माळेतून चमचा दिसतोय.”

सकाळी तिने तो खोचला होता. वापरायला नव्हे, देवाशपथ, नुसता धीर म्हणून. मागे तीनशे माणसं बसलेली आणि सगळ्यांच्या नाकासमोर तो चमचा. लाजेने तिचा जीव अर्धा झाला. कुठल्याही बाईने जे केलं असतं तेच तिने केलं. झटकन दोन्ही हात वर करून अंबाडा झाकला.

दोन्ही हात वर.

पार्मीमावशी त्या क्षणी आत भात वाढायला गेली होती. दाराशी वाढपी उभे होते, आणि वाढप्यांच्या डोळ्यांना वर्षानुवर्षांची सवय होती. आज मावशीचं ऐकायचं हे त्यांच्या डोक्याला माहीत होतं. डोळ्यांना नव्हतं. बाईंचे दोन्ही हात वर गेलेले त्यांनी पाहिले आणि आईस्क्रीमच्या वाट्या घेऊन ते सुटले.

वेनिंगने हात खाली घेतले तेव्हा पहिल्या रांगेतल्या निवृत्त हेडमास्तरांच्या हातात वाटी पोचली होती. त्यांनी वाटीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. भात कुठे गेला असं एखाद्याने विचारलं असतं. पण आम्ही सोलोचे. यजमानाला प्रश्न विचारणं आम्हाला जमत नाही. या घरी भात नसेल करत, काही अडचण असेल, आपण कशाला बोला, असा विचार करून तीनशे माणसांनी निमूटपणे आईस्क्रीम खाल्लं. आणि आईस्क्रीम खाल्लं म्हणजे संपलं. हेडमास्तर उठले. त्यांच्यामागे त्यांची बायको उठली. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज मागच्या रांगांपर्यंत गेला. आत तीनशे माणसांचा भात वाफाळत होता आणि बाहेर तीनशे माणसं उपाशी घरी निघाली होती.

वेनिंगच्या गुडघ्यांनी उठायला सुरुवात केली होती. तिला फक्त दाराशी जायचं होतं, एक हात वर करायचा होता. तिने युदांतोकडे पाहिलं. त्याने तिला अडवलं नाही.

“उठायचं असेल तर उठा,” तो म्हणाला. “तुमचंच स्वयंपाकघर आहे.”

तेवढ्यात तिची नजर वर लारासकडे गेली. लारास आईस्क्रीमकडे बघत नव्हती, उठणाऱ्या पाहुण्यांकडेही नाही. ती वेनिंगच्या खुर्चीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं की आता ही जाणार, आता मला पुन्हा हिची पाठ दिसणार. ती अर्धी उठलेली तशीच राहिली, आणि मग खाली बसली. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले.

“सुटतील ते,” ती दातांतून म्हणाली. “वर जातील.”

“एक मी धरतो,” युदांतो म्हणाला. आणि तिच्या ओढणीखाली त्याने तिचा उजवा हात धरला. पाहुणे उठत होते, लग्न कोसळत होतं, आणि वेनिंगच्या मनात आलं की याचा हात किती कोरडा आणि गरम आहे. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण हात तिने काढून घेतला नाही.

दारातून पार्मीमावशी बाहेर आली. तिने एकदा हॉलवर नजर टाकली, एकदा वेनिंगच्या पाठीवर. पाठ हलली नाही. मग ओगराळं हातात तसंच धरून ती सरळ निवेदकापाशी गेली आणि जन्मात पहिल्यांदा माईक हातात घेतला.

“मंडळी, बसा,” ती म्हणाली. “आज ऊन फार म्हणून आधी गार दिलं. भात येतोय. नवरीच्या आईचा मसाला आहे, मीच वाटलाय, तिनेच शिकवलेला. न खाता गेलात तर तिला काय सांगू मी?”

ऊन नव्हतं, बाहेर आभाळ भरून आलं होतं. पण समोर धरलेली ताटली नाकारायची हिंमत आमच्यात नाही, आणि मावशीने वाढपी पळतच सोडले होते. हेडमास्तरांच्या हातात ताटली आली तसे ते बसले. ते बसले म्हणून सगळे बसले. भात, कलेजीचं तिखट, काकडीचं लोणचं, फुललेले पापड. हॉलमध्ये चमच्यांचा आवाज सुरू झाला आणि वेनिंगने कित्येक मिनिटं कोंडलेला श्वास सोडला. तिला स्वतःला जेवता येईना, कारण एक हात मांडीखाली होता आणि दुसरा अडकलेला होता. युदांतोने मोकळ्या हातात ताटली धरून विचारलं, भरवू का? मागच्या रांगेतल्या चुलत काकूंनी मान इतकी पुढे काढली की वेनिंगनेच ताटली हिसकावून घेतली.

पण गोष्ट इथे संपली नाही. भात संपला, ताटल्या गेल्या आणि सगळे बसून राहिले. आता आईस्क्रीम उरलं नव्हतं, आणि आईस्क्रीमशिवाय कुणी उठेना. आधी एकदा उठून फजिती झालेली, दुसऱ्यांदा कोण उठणार? हेडमास्तर छताकडे बघत होते. वर नवरदेव एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. हॉलचा माणूस दाराशी येऊन दुपारच्या दुसऱ्या लग्नाची फुलं दाखवत होता. मावशीने वेनिंगकडे बघून भुवया उंचावल्या. तिच्याजवळही आता काही नव्हतं, आणि पहिल्यांदा उठणं हे मावशीचं नाही, पाहुण्याचं काम होतं. आज पाहुणी कोण होती? वेनिंग होती.

आजवर एकाही लग्नातून शेवटचं पातेलं घासून पालथं पडेपर्यंत ती घरी गेली नव्हती. ती उभी राहिली. सगळा हॉल तिच्याकडे बघायला लागला, वाढपी तिच्या हातांकडे. हात तिने वर केले नाहीत. एक युदांतोच्या हातात होता, तो तिने तिथेच राहू दिला आणि काकूंनी काय बघायचं ते बघून घ्यावं असं ठरवून ती बाहेरच्या दाराकडे चालत गेली. लारास आणि तिचा नवरा घाईघाईने खाली उतरून दाराशी आले.

“ओलांडलं बरं का मी तुला, ताई,” लारास म्हणाली. हसायला गेली आणि रडायलाच लागली.

“जा पुढे,” वेनिंग म्हणाली. “मी आलेच मागून.”

हे आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. लारासला आधीच कळलं होतं. मागे खुर्च्या सरकल्या आणि तीनशे माणसं सुटल्यासारखी उठली. मावशीही तिथे आली होती. वेनिंग तिला म्हणाली, मावशी, मी घरी जातेय. आणि तोंड उघडून मोठ्या पातेल्यांबद्दल काही सांगणार, तोच मावशी म्हणाली, “हो बाई. जा आता.”

तो ‘हो बाई’ नेहमीचा नव्हता.

युदांतोची स्कूटर बाहेर होती. वेनिंग मागे बसली, केबाया सावरली आणि डोळे मिटून घेतले. सोलोचे रस्ते त्याला माहीत नव्हते. मंडईपाशी उजवीकडे वळायचं होतं, तो सरळ गेला. ती काही बोलली नाही. पुलाशी मागे वळता आलं असतं, तिथेही तो सरळच गेला. दुकानं संपली, घरं संपली, दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि समोर डोंगर दिसायला लागले, तेव्हा त्याने स्कूटर बाजूला घेतली.

“तुमचं घर इतकं लांब आहे?”

“नाही. मंडईपाशी होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“चूक ज्याची त्याने निस्तरायची,” ती म्हणाली. “मी मधे उडी घ्यायची नाही.”

तो खूप हसला. मग हसू ओसरलं आणि तो गाडीच्या आरशाशी चाळा करत राहिला. म्हणाला, मला एक सांगायचंय. मावशीने मीठ निस्तरलं ना, शिकवणी त्याच दिवशी संपली होती. लारासलाही मी तसं सांगून टाकलं होतं. त्यानंतर मी रोज यायचो ते... नुसताच यायचो.

“ठाऊक आहे मला.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. शिकवणी संपल्यावर तुम्ही खुर्ची घेऊन गेलात आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची न घेताच आलात.”

पावसाचे दोन-चार थेंब पडले. तिने हात मागे नेले, दोन्ही हात, आणि या वेळी बघणारं कुणी नव्हतं. अंबाड्यातून चमचा काढला. मोगऱ्याची माळ आणि केस एकदमच सुटले. तिने चमचा त्याच्या शर्टाच्या खिशात टाकला. खिशात बाटली नव्हती.

“हा राहू दे तुमच्याकडे,” ती म्हणाली. “सूप चाखायला येताना घेऊन या. रोज. मला आवडता तुम्ही, आता हे चार वेळा सांगायला लावू नका.”

सुराबायाचा माणूस खिशावर हात ठेवून उभा राहिला आणि नुसती मान हलवत राहिला, अगदी आमच्या सोलोच्या माणसासारखी.

“चला, मास,” ती म्हणाली.

मास म्हणजे दादाही असतो, पण सोलोची मुलगी डोळे खाली घालून एखाद्याला मास म्हणाली की तो दादा नसतो. ‘पाक’चं साहेबपण त्या उसाच्या रस्त्यावर कुठेतरी गळून पडलं होतं. युदांतोने किक मारली. आवाज जरा घोगरा करून विचारलं, “कुठे जायचं?”

“ते तुम्ही बघा,” वेनिंग म्हणाली आणि त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. डोळे तिने पुन्हा मिटले.

मग एक उघडला.

“पण वळताना दिवा लावा.”